कुंपणाबाहेरचा निरोप

गंजाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी विखुरलेल्या पाड्यांपैकी एकावर काकड्या राहतो. कागदोपत्री त्याच्या साठीला दोन वर्षे कमी आहेत. पण कागदावर जन्मतारीख एक जानेवारी असल्यामुळे त्या हिशेबावर त्याचा स्वतःचाही फारसा विश्वास नाही. ग्रामपंचायतीत तो शिपाई आहे. ग्रामसभेच्या नोटिसा घरोघर पोहोचवणे, पाण्याच्या टाकीची झडप उघडणे-मिटणे, साहेब आले की खुर्च्या मांडणे, ही त्याची पगारी कामे. परिसरात मात्र तो ओळखला जातो वेगळ्या कामासाठी. पाड्यावर कोणी गेले की त्या मृत्यूचा निरोप नातेवाइकांच्या गावी तोच घेऊन जातो. हे काम त्याच्या बापाकडून त्याच्याकडे आले. त्याचा मोबदला नसतो, आणि नकार देण्याची सोयही नसते.

या कामाची एक रीत आहे. ती लिहून ठेवलेली नाही, तरी तिच्यात ढिलाई चालत नाही. निरोप्याने पंचा डाव्या खांद्यावर टाकायचा. ज्या घरी जायचे त्याच्या कुंपणाबाहेर थांबायचे, अंगणात पाऊल ठेवायचे नाही. पाणी दिले तरी घ्यायचे नाही. आधी आपण कुठून आलो ते सांगायचे, मग कोणाच्या घरातून, मग माणसाचे नाव, आणि त्यानंतर घडले ते. त्यापुढे केव्हा न्यायचे आहे, एवढेच. जे डोळ्यांनी पाहिले नाही त्याविषयी बोलायचे नाही. आणि शेवटची गोष्ट, जिच्याबाबत काकड्याचा बाप फार कडक होता: घरातल्या कोणीतरी तो निरोप आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवल्याखेरीज तिथून हलायचे नाही. सगळी घरे संपली की परतीच्या वाटेवर निरोप्या पाणी पितो.

या रीतीचे उत्तर घराकडूनही ठरलेले आहे. डाव्या खांद्यावर पंचा टाकलेला माणूस कुंपणाशी दिसला की घरातली बाई आधी चुलीतली जळती लाकडे मागे ओढते. भाकरी अर्धी भाजलेली असो वा भात अर्धा शिजलेला, जाळ थांबतो. निरोप कानावर पडण्याआधीच घराने तो घेतलेला असतो.

मोबाइल आल्यानंतर हे काम संपेल असे अनेकांना वाटले होते. ते कमी झाले, संपले नाही. फोनवर ज्याने ऐकले तो घरी जाऊन काय सांगेल, केव्हा सांगेल, मुळात सांगेल की नाही, याची खात्री फोन देत नाही. काकड्या देतो. त्याने पोहोचवलेला निरोप अर्धवट राहिला, एका घरी गेला आणि शेजारच्या घरी राहिला, असे पस्तीस वर्षांत झालेले नाही. या कामापायी त्याला तीन भाषा चालवाव्या लागतात. पाड्यावर तो घरच्या बोलीत बोलतो, बाजारात आणि कचेरीत मराठीत, किनाऱ्याकडच्या वाड्यांमध्ये गुजरातीत. मृत्यूचा निरोप मात्र तो ऐकणाऱ्याच्या घरच्या बोलीतच देतो. त्याचे कारण त्याला विचारले तर तो म्हणतो, “रडायचं कुठल्या भाषेत असतं?”

अशा माणसाची थट्टा करण्याचा परवाना एकाच व्यक्तीकडे आहे. गंजाडहून आशागडमार्गे डहाणू रोडला जीप चालवणारा झिपरू हा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. काकड्या जीपपाशी आला की झिपरू सगळ्यांदेखत विचारतो, “काय रे काकड्या, कोण गेलं?” काकड्या ग्रामपंचायतीच्या कामाला निघालेला असला की उत्तर देतो, “तू. तुझ्याच घरी चाललोय सांगायला.” जीपमधले लोक हसतात. पण काकड्याच्या शेजारची जागा बहुधा सर्वांत शेवटी भरते.

गेल्या माघात डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतल्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी आणि अंगणवाडीताईंसाठी तलासरीला एक दिवसाचे प्रशिक्षण होते. विषय होता ‘प्रभावी संवादाची तत्त्वे’. शिकवणाऱ्या जयश्रीताई तिशीच्या, उत्साही आणि नीट तयारी करून आलेल्या होत्या. फळ्यावर त्यांनी बोलणारा, निरोप, ऐकणारा असे तीन शब्द लिहिले आणि ते बाणांनी जोडले. मग वीस जणांना रांगेत बसवून कानगोष्टींचा खेळ सुरू केला. पहिल्याच्या कानात सांगितलेले वाक्य कानोकान शेवटच्यापर्यंत जाते आणि तिथे पोहोचेपर्यंत त्याचे भलतेच काही होते. सगळे हसतात आणि धडा शिकतात, असा हा खेळ. काकड्या रांगेत अकरावा होता. त्याच्यापाशी खेळ अडला.

दहाव्या क्रमांकावरच्या बाईंना तो मोठ्याने म्हणाला, “परत सांगा.”

“काका, कानात सांगून झालं. आता तुम्ही पुढे सांगा,” जयश्रीताई म्हणाल्या.

“सांगतो ना. पण यांनी काय सांगितलं ते मी आधी यांना म्हणून दाखवणार. मग यांनी हां म्हटलं की पुढच्याला सांगणार. मग तो मला म्हणून दाखवणार.”

“असं केलं तर खेळच होणार नाही.”

“मग खेळात चुकीचं पोहोचवायचं असतं का?”

सभागृह हसले. जयश्रीताईही हसल्या, पण त्यांनी खेळ थांबवून काकड्याला पुढे बोलावले आणि त्याची सगळी रीत ऐकून घेतली. फळ्यावरच्या ‘ऐकणारा’ या शब्दापासून ‘बोलणारा’ या शब्दाकडे उलटा जाणारा एक बाण काढून त्या म्हणाल्या, “मी तुम्हाला जे दुपारी शिकवणार होते, ते हे काका बापाकडून शिकून आलेत. ऐकणाऱ्याकडून निरोप परत आला, तरच तो पोहोचला.”

काकड्याच्याच पाड्यावरच्या अंगणवाडीताई संगिता मागच्या ओळीत बसल्या होत्या. त्यांच्याने राहवले नाही. “मॅडम, पोहोचतो तो बरोबर. पण काका नुसती ग्रामसभेची नोटीस घेऊन आले तरी आमच्या सासूबाई आधी लाकडं ओढतात. आता गॅस घेतला, तर बटण बंद करतात. काका कुंपणाशी उभे, आणि आमचा जीव गळ्याशी. नोटीस कोण वाचतंय?”

पुन्हा हशा झाला. जयश्रीताईंनी मात्र खडू हातात तसाच धरून विचारले, “काका, ऐकणाऱ्याने निरोप परत म्हटला की तुम्ही निघता. त्यानंतर त्याचं काय होतं, ते पाहायला कधी थांबलात?”

“थांबलो तर पुढची घरं राहतात,” काकड्या म्हणाला.

उत्तर खरे होते आणि त्याने ते सहज दिले होते. परतीच्या वाटेवर तो झिपरूच्या थट्टेलाही काही बोलला नाही.

याचे कारण चार वर्षांपूर्वीचे आहे. काकड्याची बायको बायजी तापाने आठ दिवस पडून होती, आणि नवव्या दिवशी पहाटे गेली. मुलगा रूपेश बहिणीला फोन लावायला निघाला, तेव्हा काकड्याने त्याला अडवले. “फोनवर नको. मी जातो.” सरिता, त्याची थोरली मुलगी, नरपडला दिलेली आहे. तिचा नवरा नविन तिथल्या एका चिकूच्या वाडीत कामाला आहे आणि वाडीच्या कडेलाच त्यांचे घर आहे. पंचा डाव्या खांद्यावर टाकून काकड्या निघाला. लेकीच्या कुंपणाबाहेर उभा राहिला. सरिता दारात आली. तिने बापाचा चेहरा पाहिला, मग पंचा पाहिला. काकड्या म्हणाला, “गंजाडकडून आलो. काकड्याच्या घरातून. बायजी पहाटे गेली. दुपारी न्यायचंय.”

आणि मग, जणू समोर परकी बाई उभी आहे अशा आवाजात, “परत म्हण.”

सरिताने म्हटले. “काकड्याची बायजी पहाटे गेली. दुपारी न्यायचंय.” ते म्हणून होताच काकड्या वळला. बायजीच्या दोन बहिणी दोन वेगवेगळ्या गावांना होत्या. त्यांची घरे बाकी होती.

सरिता दुपारी आली. आईला पोहोचवले, बाराव्यापर्यंत थांबली आणि निघताना बापाला एकच वाक्य म्हणाली: “आई गेली हे माझ्याच तोंडून वदवून घेतलंस.” त्यानंतर ती माहेरी आलेली नाही. रूपेशशी ती फोनवर बोलते. बापाने फोन घेतला की तिचा आवाज थांबतो.

काकड्याला आपले काय चुकले ते बराच काळ उमगले नाही. दुसऱ्याच्या घरच्या मृत्यूला जी रीत पाळतो ती स्वतःच्या बायकोसाठी सोडली असती तर लोकांनी काय म्हटले असते, असे तो स्वतःला विचारी, आणि त्या प्रश्नाचे उत्तर नेहमी त्याच्याच बाजूने येई. संवादाविषयी लिहिणारे अभ्यासक निरोपाच्या अचूकतेवर भर देतात आणि तो रास्तच आहे. परंतु निरोप देणारा हाही निरोपाचाच एक भाग असतो. त्या सकाळी नरपडच्या कुंपणापाशी सरिताला एक बातमी मिळायची होती आणि एक बाप मिळायचा होता. बातमी चोख पोहोचली होती.

प्रशिक्षणानंतर आठच दिवसांत रूपेशचे लग्न ठरले. मुलगी शेजारच्याच पाड्यावरची, सगळे मनासारखे. अडचण एकच होती, आणि ती रूपेशने स्वतः उभी केली. त्यांच्यात नवरदेवाला पहिली हळद थोरल्या बहिणीच्या हातची लागते. रूपेश बापाला म्हणाला, “ताई आली नाही तर हळद नाही. हळद नाही तर लग्न पुढच्या वर्षी. तोवर तिकडचे थांबले तर थांबले.”

“फोन कर तिला.”

“केला. म्हणाली, निरोप द्यायचं काम ज्याचं त्याने यावं. त्याला सवय आहे.”

काकड्याने खुंटीवरच्या पंचाकडे पाहिले. मग म्हणाला, “उद्या जातो.”

“पंचा घरी ठेव,” रूपेश म्हणाला. “आणि सरळ आत जा. बाहेर खांबासारखा उभा राहू नको.”

दुसऱ्या दिवशी काकड्या नवा सदरा घालून निघाला. खांदा मोकळा होता आणि त्यामुळे चालताना हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हते. झिपरूने नेहमीचा प्रश्न विचारला. काकड्या म्हणाला, “आज गप्प बस रे. तोंडपाठ करतोय.” पस्तीस वर्षांत त्याला पाठ करावा लागलेला हा पहिला निरोप होता. आशागड मागे पडले, डहाणू रोडला उतरून त्याने नरपडची रिक्षा धरली. रिक्षात तो ओठातल्या ओठात शब्द जुळवीत होता. जुळत होते ते नेहमीच्याच क्रमाने.

नरपडला दुपार कलंडत होती. सरिता वाडीच्या शेडमध्ये चिकू निवडत होती. घरी धाकली नावाची तिची सासू एकटीच, अंगणातल्या चुलीवर भात ठेवून बसलेली. काकड्या सरळ आत जाण्याच्या निश्चयाने आला आणि कुंपणापाशी त्याचे पाय थांबले. पायांना रूपेशने काही सांगितले नव्हते. उजवा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला, पंचा सापडला नाही, तरी हात तिथेच राहिला.

धाकलीने वर पाहिले. जावे-यावे असे संबंध चार वर्षे नाहीत, रूपेशच्या फोनचे सरिताने तिला सांगितलेले नाही, आणि हा माणूस कुंपणाबाहेर उभा. तिने चुलीतली लाकडे मागे ओढली.

“व्याही,” ती उठत म्हणाली, “काय घेऊन आलात?”

अशा वेळी काकड्याने काहीही म्हटले असते तरी चालले असते. बरे आहात का, भात कुठला शिजवताय, ऊन फार आहे. त्याने पाठ केलेला निरोप सांगायला सुरुवात केली.

“गंजाडकडून आलो. माझ्याच घरातून. रूपेशचं...”

पुढचा शब्द ‘लग्न’ होता. तो उच्चारला गेला की नाही हे आज काकड्यालाही सांगता येत नाही. या क्रमाने आलेल्या नावाचा एकच अर्थ असतो हे त्यानेच सगळ्या मुलखाला शिकवले होते. धाकलीने हंबरडा फोडला. “रूपेश! अगं माझ्या सरितेचा एकुलता भाऊ!” शेजारच्या दोन घरांतून बायका धावल्या. कोणीतरी ‘रूपेश गेला’ अशा हाका मारीत वाडीच्या दिशेने पळाले. काकड्या हात हलवून “नाही, नाही” म्हणत होता. पण मृत्यूचा निरोप आणणाऱ्याचे “नाही” घरातले लोक नेहमीच दुःखाचे समजतात. एका बाईने त्याचेच सांत्वन सुरू केले.

शेडपासून घरापर्यंत शंभर पावले असतील. ती शंभर पावले सरिताने भाऊ गेला हे समजून कापली. झाडांच्या रांगेतून ती धावत आली तेव्हा तिच्या मुठीत एक चिकू तसाच राहिला होता. बापाला पाहून ती थबकली. तिने त्याच्या खांद्याकडे पाहिले नाही, चेहऱ्याकडेही नाही. खाली मान घालून ती म्हणाली, “सांग. मी म्हणते परत.”

काकड्याजवळचे सगळे पाठांतर त्या क्षणी संपले. त्याने कुंपणाचे फाटक लोटले, अंगणात आला, चुलीजवळच्या पाटावर बसला आणि म्हणाला, “पोरी, पाणी दे.”

अंगणातला गलका थांबला. मृत्यू घेऊन आलेला माणूस पाणी मागत नाही, हे तिथल्या लहान मुलांनाही माहीत होते. धाकलीचा हंबरडा मध्येच तुटला, तिने डोळे पुसले, काकड्याला नीट निरखले आणि शेजारणीला म्हणाली, “सदरा तर नवा आहे.”

सरिताने घरातून तांब्या आणला. घाईत थोडे पाणी सांडले. काकड्या ते सगळे, तांब्या उपडा होईस्तोवर प्यायला. मग तिने विचारले, “रूपेश?”

“त्याचं लग्न ठरलंय. तुझ्या हातची हळद हवी म्हणतो.”

सरिता चुलीपाशी बसली. तिला हसू येत होते आणि संतापही. संताप आधी बाहेर पडला. “दुसऱ्यांदा, बाबा! दुसऱ्यांदा मला असंच उभ्या उभ्या मारलंस. लग्नाचं बोलावणं कुंपणाबाहेरून देतं का कोणी?”

“मला दुसरं येत नाही,” काकड्या म्हणाला.

शेजारणींना काय ते समजले आणि त्या एकेक करून निघून गेल्या. धाकलीने लाकडे पुन्हा चुलीत सारली आणि फुंकणीने जाळ फुलवला.

“तुझ्या आईच्या वेळेला,” काकड्या जाळाकडे पाहत बोलू लागला, “मी आत आलो असतो ना, तर बाहेर पडलो नसतो. इथंच बसलो असतो, आत्ता बसलोय तसा. मग तुझ्या दोन्ही मावश्यांना कोण सांगणार होतं? त्या आल्याच नसत्या. म्हणून थांबलो बाहेर. आणि परत म्हण म्हटलं ते...” तो अडला. “ते मला ऐकायचं होतं. माझा स्वतःचा विश्वास बसत नव्हता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा बसला.”

सरिताने मुठीतला चिकू पाटाशेजारी ठेवला. भाताला उकळी फुटल्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, “हे तेव्हा सांगितलं असतंस तर?”

“निरोपात बसत नव्हतं.”

“बाबा, सगळं निरोपात बसवायचं नसतं.” तिने पदराने नाक पुसले. “मुलगी कोणाची?”

“शेजारच्या पाड्याची.”

“ते फोनवर ऐकलं. नाव काय? किती शिकली? तिच्या आईला मी ओळखते का?”

काकड्या गोंधळला. त्याला नाव ठाऊक होते, बाकीचे नाही. सरिताचे प्रश्न मात्र थांबेनात. हळद घरची आहे की विकतची? भिंतीवर लग्नाच्या चौकाचे चित्र लिहायला कोण बसणार, आणि ती सारवून झाली का? रूपेशला कपडे कोण घेणार, कारण त्याला रंगातले काही कळत नाही. नविनला सुट्टी मिळेल अशी तारीख धरली आहे का? सासूबाईंचे काय? त्यांना चालवत नाही, त्यांना न्यायला झिपरूमामा जीप थेट नरपडला आणतील का?

“मी येईनच,” चुलीपाशी धाकली म्हणाली. “पण व्याही, पुढच्या वेळी आधी हसा. मग बोला.”

“आणि एवढ्या लांब आलास तो तीनच वाक्यं घेऊन?” सरिता म्हणाली. “जा आता, सगळं विचारून ये. नाहीतर रूपेशला सांग, संध्याकाळी फोन कर. नको, तूच कर.”

काकड्या भात जेवून निघाला. फाटकाशी आल्यावर जुन्या सवयीने तो वळला. सरिताला वाटले तो परत म्हणायला सांगणार; ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, “म्हणू का?”

“नको,” काकड्या म्हणाला. “मीच म्हणतो.” आणि त्याने अंगणातच तिचे सगळे प्रश्न एकामागून एक म्हणून दाखवले. दोन विसरला, ते तिने भरले.

डहाणू रोडला झिपरूची जीप भरत आली होती. काकड्याला पाहून तो ओरडला, “काय रे, कोण गेलं?”

काकड्या त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसला. आपल्याकडे मोठा निरोप आहे आणि तो एका दमात सांगण्यासारखा नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होते.

“कोणी नाही,” तो म्हणाला. “सरिता येतेय. आणि तुला जीप घेऊन नरपडला जायचंय, तारीख नंतर सांगतो. आधी हे सांग, हळद घरची बरी की विकतची?”